दशलक्षात दहा

युकॉन नदीच्या उत्तरेला, उणे एकेचाळीस.
पंपघरात ऑर्लीन पिटका बरणी तिरकी करते,
पुन्हा सरळ करते,
तरी डिंकासारखी ती धार तुटत नाही,
आतल्या उरलेल्याला ओढत
काठावरून बाहेर येतच राहते.
रेणू दिसत नाही. त्याची लांबी दिसते.

तेलाच्या दशलक्ष थेंबांमागे याचे दहा.
आमटीत हिंगसुद्धा याहून जास्त पडतो.

तेल पाइपातून सरळ जात नाही.
भिंतीपाशी भोवरे उठतात,
एकमेकांच्या अंगावर कोसळतात,
पंपाचं कितीतरी बळ
त्या धक्काबुक्कीतच जिरतं.
हे धागे नेमके तिथे शिरतात,
भोवऱ्याने ओढलं की ताणतात,
ताणले की हटून बसतात,
आणि भोवरा उठता उठता खाली बसतो.
संथ तेलात यांचा काही उपयोग नाही,
तिथे नुसती गुंडाळी करून पडून असतात.
हे नक्की कसं घडतं
यावर शहाणी माणसं अजून भांडतात.
ऑर्लीनला गेजचा काटा पुरतो.

मामाच्या लाकडी मासेचाकातून निघालेला सामन
दोन्ही हातांत मावायचा नाही, सटकायचा.
ती फडकं घ्यायला गेली की मामा ओरडायचा,
बुळबुळ पुसू नकोस गं,
पुसलीस तर नदी धरेल त्याला.
आता चाक काठावर उताणं पडलंय.
सामन येत नाहीत, आलेच तर धरायला बंदी.

खालचं स्टेशन गेल्या मार्चात बंद झालं.
थेंबांनी तिथला पंप वाचवला,
आणि अकरा माणसं.
वॉरेनला आलेल्या पत्रात कारण एका ओळीत होतं :
घर्षण कमी झाल्यामुळे.
ती ओळ त्याने तिला दोनदा वाचून दाखवली,
दुसऱ्यांदा हसत.
आता तो फेअरबँक्सला, एका शाळेच्या बॉयलरवर.

पंपातून जाताना धागे तुटतात.
एकदा तुटले की त्यांच्याने काही होत नाही,
म्हणून पंपापुढे पुन्हा नवे.
पहाटे तीनला ती झडप अर्धा फेरा उघडते.
काटा थरथरतो, मग उतरतो.
वहीत आकडा. तळहात पँटला पुसते,
परत पुसते. जात नाही.

फोन वाजतो. या वेळी वॉरेनच.
ती घाईने उचलते,
आणि तो हातातून निसटतो.