दक्षिणेकडची भिंत

सहा वेळा मी ही भिंत रंगवली.
माझ्या आधी बापाने, त्याच्या आधी त्याच्या मामाने.
गेरू, आणि कॉड माशाच्या काळजाचं तेल.
वास असा, की गावातली मांजरं
रात्रभर शिडीखाली बसून राहायची.

आता सिन्नोवे म्हणते, एलर्ट, रंग नको.
भिंतच वीज देईल.
आमच्याकडे सूर्य डोक्यावर चढत नाही,
डोंगरांच्या खांद्यावरून रांगत जातो,
छपराकडे धड बघतही नाही.
म्हणून पॅनेलं भिंतीवर. उभी.

पहिली काळी पाटी तिने
मासे सुकवायच्या मांडवाला टेकवून ठेवली.
तोरब्योर्ग काठी टेकत आली,
वरून खाली बघितलं,
म्हणाली, "कोण गेलं?"
आणि आली तशी परत.

मग पेटी आली. अकरा लाल.
एक टोमॅटोचा, एक आगीच्या बंबाचा,
एक नुसता कागदोपत्री लाल.
मला बोलावलं, लाल मला कळतो म्हणून.
मी चष्मा पुसला.
धुक्यात बघितले, उघडिपीत बघितले,
बर्फावरून येणाऱ्या उजेडात बघितले.
सातवा, म्हटलं.
दोन हिवाळे खाऊन थोडा शहाणा झालेला.

सातव्यात वीज पाचवा हिस्सा कमी, ती म्हणाली.
का?
काळा सगळं गिळतो, एलर्ट.
तुला जो लाल दिसतो ना,
तो काचेने घेतलेलाच नसतो.
तो परत पाठवलेला उजेड.

चाळीस वर्षं डबे ढवळले मी.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

सभा तीन तास चालली.
हल्वोर म्हणाला, पाचवा हिस्सा म्हणजे
शीतगृहाचा अख्खा एक आठवडा.
खोटं नव्हतं ते.
कॉफी संपली, कुणीतरी पुन्हा ठेवली.
तोरब्योर्ग झोपली आहे असं वाटत होतं,
ती डोळे न उघडता म्हणाली,
"बोटीतून येणाऱ्याला वीज दिसत नाही रे."
हात वर झाले. नऊ विरुद्ध सात.

जुलैत भिंत उभी राहिली.
मी सवयीने तळहात टेकवला.
गार. गुळगुळीत. वास कसलाच नाही.
बोट नखाशी लाल होत नाही, हेही खटकलं.

मग दोन महिन्यांचा अंधार.

सूर्य परतला त्या दिवशी
पोरं जॅमचे बन खात धक्क्यावर उभी होती.
वीस मिनिटं, जेमतेम.
हल्वोर आत मीटरसमोर, आकडा वाचत,
आणि आकडा काही फार नव्हता.
मी जाळं काढायला निघालो होतो.
खाडीच्या मध्यावर इंजिन बंद केलं.
तो बघा, आमचा पाचवा हिस्सा,
पाण्यावर पार माझ्या वल्ह्यापर्यंत आलेला.

उत्तरेकडची भिंत अजून माझ्याकडे आहे.
तिथे ऊन पोचत नाही, सिन्नोवेही नाही.
मे महिन्यात तेल तापवायला घेईन.
मांजरांना अजून सांगितलेलं नाही.