पारी

उद्या बैराम.
ट्रावनिकच्या पोस्टात दिवसभर पार्सलं,
श्टुटगार्टहून, व्हिएन्नाहून, पोरांनी आयांना पाठवलेली;
माझ्या बोटांना अजून चिकटपट्टीचा वास.
रात्री दहाला वरच्या मजल्यावर, हायराबाईंकडे,
मैद्याचा उंडा तेलात लोळत पडलाय.

"टेबलावर जुनी चादर टाक, सेनादा.
मुठी खाली घाल. बोटं नकोत, नखं तर नकोतच.
ओढू नकोस गं. टेबलाभोवती चालत राहा,
ते आपण होऊन येतं मागे."

नाही येत.
पहिली पारी मधोमध टरकन फाटते,
दुसरी कडेला. तिसरी
चादरीवरची फुलं दिसू लागेपर्यंत टिकते
आणि मला शिंक येते.

"एकदा करून दाखवा ना!"
त्या मांडीवरचे हात उचलत नाहीत.
"ऐकून शिकलेलं पक्कं राहतं," म्हणतात,
आणि एकाएकी अक्रोड कुटायचे राहिलेत
हे त्यांना आठवतं.

खलबत्ता माझ्याकडे सरकवला तेव्हा पाहिलं:
अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला,
आणि दोरा थरथरतोय.
मी अक्रोड कुटत राहिले, जरा जास्तच जोरात.

दीड वाजता चौथी.
टेबलाच्या चारही कडांवरून खाली लोंबली.
हायराबाई तिच्याखाली हात घालतात.
आरपार दिसते अंगठी, दोरा,
दोऱ्याचा निळा रंगसुद्धा.
पारी हलते हातासोबत,
फाटत नाही.

कोपऱ्यात नाण्याएवढं भोक आहे.
ते त्यांना दिसतंच.
"तिथे अक्रोड जरा जास्त टाक."