नर्सबाई

चौतीस वर्षं मी फेरायेचे केस विंचरले.
पहिल्यांदा आली ती सामसुनहून, रात्रीच्या बसनं,
कानांत मावशीचे डूल,
केसांना तळलेल्या मासळीचा वास.
वाक्य एकच होतं तिला:
"घाबरू नका, डॉक्टर येताहेत."
तेवढं तिनं असं म्हटलं
की दिग्दर्शकानं सिगारेट विझवली.

मग सात वर्षं तीच नर्स.
गुरुवारी रात्री आठला उस्कुदारमध्ये
चहाचे पेले हातातल्या हातात निवायचे.
बाजारात एक म्हातारा बाही सारून उभाच राहिला,
बाई, जरा बघता का?
तिनं नाडी धरली,
घड्याळ बघत, ओठ हलवत मोजली.
"मीठ कमी करा."
लिंबाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

सिनेमे तीन. दोन पडले.
तिसऱ्यात ती बर्फात मरते;
नऊ टेक झाले, नऊ वेळा मी
तिच्या पापण्यांवर खोटा बर्फ ठेवला.
बक्षीस कॅमेरामनला.

पुढे आईची कामं, मग आजीची.
खऱ्या पांढऱ्या केसांवर मीच
पांढरा रंग लावायचे.
खरे पडद्यावर मळकट दिसतात.

परवा इस्पितळात गेले.
नर्स कोवळी पोर, शीर सापडेना,
दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा हातच कापायला लागला.
फेराये उशीवरून म्हणाली,
"घाबरू नकोस. डॉक्टर येताहेत."

कुणी येत नव्हतं.
पण पोरीचा हात थांबला.

विंचरण्याजोगं फारसं उरलं नव्हतं,
तरी मी पिशवीतून कंगवा काढला.