आराखड्यातली सावली

बहाव्यासाठी मी हातातली बांगडी काढते.
दोन-चारची. एकास शंभरच्या कागदावर
ती जवळजवळ पावणेसहा मीटर होते,
म्हणजे पंधरा वर्षांनंतरचा बहावा.
कुंतीला खोकल्याच्या औषधाचं झाकण,
अनंताला शर्टाचं बटण.
आमच्या ऑफिसात, म्हणजे ओट्यासमोरच्या टेबलावर,
झाडं अशी आधी पूर्ण वाढतात,
मग त्यांचं कोटेशन होतं.

गंगापूर रोडवरून आत, दीडशे वार अंगण.
बोरस्ते साहेबांनी बोट ठेवलं
कंपाउंडच्या रेषेबाहेर गेलेल्या वर्तुळावर.
"हे बाहेरचं अर्धं. याचे पैसे मी का देऊ?"
अंबडला त्यांचा व्हॉल्व्हचा कारखाना,
गळती त्यांना लांबून दिसते.
मी खोडरबर घेतलं.
भिंतीपाशी बांगडी कापली.

खोदायला मोतीराम भोये आणि येशी,
मूळ सुरगाण्याची, आता पेठ रोडला.
वर चार इंच लाल माती, बिल्डरने शोभेला टाकलेली.
खाली फरश्यांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या,
कुणाची तरी एकच चप्पल.
मग पहारीचा आवाज बदलला.
काळी लागली,
आणि काळीत गंजलेली तार, ओढू तेवढी येत राहिली.
"द्राक्षाची," मोतीराम म्हणाला. "मांडवाची."
मळा कुणाचा होता, आम्ही विचारलं नाही.
कोटेशनमध्ये तो रकाना नव्हता.

मागच्या कोपऱ्यात टाकळा माजलेला.
मी यादीत लिहिलं होतं:
तण काढणे, दोन मजूर, अर्धा दिवस.
येशीने कोवळी पानं आधी ओच्यात भरली,
मग उरलेलं उपटलं.
"हे काढायचं पैसं देत्यात?"
आणि बराच वेळ एकटीच हसत राहिली.

लॉन अंथरून झालं, ठिबक झालं, चार दिवे लागले,
आणि बहाव्याच्या जागी अंगठ्याएवढी काठी,
बांबूला मांडवाच्याच तारेने बांधलेली.
तार रुतू नये म्हणून मध्ये सायकलची ट्यूब.
साहेब आराखडा उलगडून उभे.
"यात तर एवढं मोठं दाखवलंय."
मी वाढीचा वेग, मुळांची खोली, काहीबाही बोलत होते.
मोतीराम नळाखाली हात धूत म्हणाला,
"साहेब, तुमीबी जलमले तवा एवढे नव्हते."
साहेब हसले. चहा आला.
शेवटचे अकरा हजार आले नाहीत.
सोमवारी बघू. मार्चनंतर बघू.
तीन उन्हाळे फोन केला,
मग नंबर तेवढा ठेवला.

आता मला दोन-सहाची बांगडी लागते.
हात भरला, तशी कागदावरची सगळीच झाडं
न सांगता थोडी वाढली.

आज नऊ वर्षांनी त्या गल्लीत शिरले, ऑक्टोबरच्या उन्हात.
भिंत त्यांनी उंच केलीय, वर काचा.
आत लॉन आहे की फरशी घातली, दिसत नाही.
पण बहावा भिंतीवरून बाहेर झुकलाय, काळ्या शेंगांसकट,
आणि मी पुसलेल्या त्या अर्ध्या वर्तुळात
कुणी इस्त्रीचं टेबल मांडलंय.
कोळशाची इस्त्री, पाण्याचा तांब्या,
खालच्या फांदीला हँगरवर कडक शर्ट
आणि शाळेचा एक निळा फ्रॉक.

स्कूटर तिथेच लावली, कारण फोन वाजत होता.
पाथर्डी फाट्याच्या एक बाई.
त्यांना प्लॅस्टिकचं लॉन हवंय,
पाणी नको, कचरा नको, माळी नको.
ऐकता ऐकता मी भिंतीपासून पावलं मोजली.
एक, दोन, तीन,
चौथं अर्धं उन्हात.
"मॅडम, आहात ना?"
"आहे," म्हटलं. "एखादं झाड?"
पलीकडे बाई विचार करत होत्या.
इस्त्रीवाल्याने टेबलाचे दोन पाय उचलले,
सावली सरकली होती तेवढं
सरकवलं.