बोट

मनगटाला पट्टा बांध आधी, मारिविक.
तुझ्या स्वेटरमधली एवढीशी ठिणगी
तुला कळणारही नाही,
पण यंत्राचं काळीज जाळून जाईल,
आणि नवं यायला सहा आठवडे लागतात.
वरची हिरवी पुडी हलवू नकोस. मक्याचे कुरकुरे आहेत,
यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतो आम्ही.
तारीख उलटली की नवी आणायची.
ते आता तुझ्याकडे.

हा प्रोब. दोन सुया, एक सिग्नलची, एक ग्राउंडची.
पॅनेलच्या कडेला ही पट्टी दिसते ना, हिला कूपन म्हणतात.
बोर्ड विकले जातात,
कूपन कापून ड्रॉवरमध्ये राहतं, साक्षीदारासारखं.
सुया उभ्या टेकव. रेटू नकोस.
दुखऱ्या दाताला आपण जीभ लावतो,
तेवढंच.

आतून एक खडी पायरी निघते.
पापणी लवते तेवढ्यात
पाच कोटी वेळा जाऊन येईल इतकी चपळ.
तांब्याच्या वाटेनं जाते,
आणि वाट जिथे बदलते
तिथून तिच्यातलं थोडं मागे फिरतं.
पडद्यावरची रेघ वर उचलली, तर वाट बारीक झालीय.
खाली बसली, तर रुंद.
सपाट राहिली, तर काहीच परत आलं नाही.
काहीच परत न येणं म्हणजे सगळं ठीक.
या वाक्याकडे मी पुन्हा येईन.

पन्नास ओहम हवेत.
पंचेचाळीस ते पंचावन्न चालतं.

चार वर्षांपूर्वी, नववर्षाच्या सुट्टीला तीन रात्री राहिल्या होत्या.
ॲसिड तापलं होतं, तांबं जरा जास्तच खाल्लं गेलं.
एकतिसावं पॅनेल: छप्पन्न पूर्णांक दोन.
सुया पुसल्या. कॅलिब्रेशन पुन्हा,
आधी ओपन, मग शॉर्ट, मग पन्नासचा लोड.
छप्पन्न पूर्णांक दोन.
मागे पेंग उभा. आमचा शिफ्टप्रमुख.
फाटकाशी ट्रकचं इंजिन चालू,
विमानतळाकडे निघायची घाई,
आत डिझेलचा वास.

पेंग ओरडला नाही.
वाकला, आणि पोराच्या गालावरचं शीत टिपावं तसं
कूपनवर एक बोट टेकवलं.

रेघ बोटाखाली खचली.
चोपन्न पूर्णांक सात.
हिरवा दिवा.

दोषावर बोट ठेवणं म्हणतात ते वेगळं.
इथे बोट ठेवलं की दोष दिसेनासा होतो.
बोटात पाणी असतं, ते सिग्नलला आपल्याकडे ओढतं,
बारीक वाटेला वाटतं आपण रुंद आहोत.
"उरलेली बारा तू कर," पेंग म्हणाला,
आणि चहा आणायला गेला.

मी केली.
बाराच्या बारा. डाव्या तर्जनीनं.
सहाव्यानंतर बोट आपोआप जागा शोधायला लागलं.

तक्रार आली नाही.
मी वाट बघितली, मार्चपर्यंत रोज, मग आठवड्यातून एकदा.
ते बोर्ड कुठे गेले कुणास ठाऊक,
एखाद्या लिफ्टमध्ये, एखाद्या दवाखान्यात,
किंवा कुणाच्या टीव्हीत, आणि टीव्ही छान चालतोय.
काहीच परत आलं नाही.
यंत्रावर मी याला ठीक म्हणते.
घरी, दिवा मालवल्यावर, काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

पेंग आता म्याओलीला स्ट्रॉबेरी लावतो.
दर नववर्षाला एक खोका पाठवतो.
गोड असतात. खाते मी.

एका रविवारी ड्रॉवर उघडून
ती तेरा कूपनं पुन्हा मोजली,
डावा हात खिशात घालून.
छप्पन्न पूर्णांक दोन. छप्पन्न पूर्णांक चार.
पंचावन्न पूर्णांक नऊ.
तांबं काही विसरलं नव्हतं.
परत ठेवून दिली.
खालून दुसरा कप्पा. पिवळं रबर लावलेली.
हवी तर सरावाला घे.

ये, पहिलं पॅनेल लाव.
सुया उभ्या. हं.
तुझा डावा हात कुठे आहे?
मांडीवर ठेव, मला दिसेल असा.
आता पायानं पेडल दाब.