कळमन्यातला रंग

सोडियमच्या दिव्याखाली पहाटे साडेतीनला
हिरवं आणि केशरी यांत काही फरक उरत नाही.
सगळा ढीग एकाच मळकट पिवळ्यात बुडालेला.

तरी वनमालाबाई निवडतात,
मान वर न करता:
हे आजचं, हे रायपूरच्या गाडीत,
हे नुसतं पिकल्याचं सोंग करतंय.

विचारलं, दिसतं कसं तुम्हाला?
"दिसते कुठं बाप्पा.
डोये निस्ते इचारते,
रंग तं डोकंच भरते."

मग मीही एक उचललं.
केशरी होतं. शपथेवर सांगतो,
सालीवरचे बारीक खड्डेसुद्धा केशरी.
पिशवीत टाकलं, भाव केला, चहा घेतला.

भंडारा रोडच्या बाजूनं उजाडलं
तेव्हा पिशवीत हिरवंगार फळ.
दिवा खोटा बोलला म्हणावं,
तर तो बिचारा एकच रंग जाणतो.

वनमालाबाईंनी पैसे परत दिले नाहीत.
"संत्रं म्हटलं का मानूस केशरीच पाह्यते,"
एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या कॅरेटकडे वळल्या.

ते फळ फ्रिजवर ठेवलंय.
रात्री पाणी प्यायला उठतो,
दिवा लावत नाही.
अजून केशरीच दिसतं.