पासंग

अ‍ॅबरडीनला डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
इशबेल गेडिस अकरा अभ्यास पसरून बसलीय,
प्रश्न एकच:
मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं रक्त
घरी धुवावं की रुग्णालयात,
आणि कशाला किती पडतात.

अकरा ठिकाणचे अकरा हिशेब.
पेसो, येन, क्रून,
कुणाचे पैसे सत्त्याण्णव सालचे, कुणाचे कालपरवाचे.
ती सगळ्यांना एका सालात आणते, एका नाण्यात.
मग ज्याचा त्याचा भार.
ज्याचा आकडा कमी डळमळतो, त्याला जास्त.
टोरांटोला एकतीस टक्के.
तार्तूला काहीच देता येईना.
तेवीस रुग्ण, सरासरी नीट छापलेली,
पण ती किती डळमळते
ते सांगायचंच राहिलेलं.

तिने डॉक्टर कांगुरना लिहिलं.
उत्तर मुलीचं आलं.
बाबा गेले. तळघरात एक वही आहे. पाठवते.

करड्या पुठ्ठ्याची वही, पेन्सिलीने भरलेली.
तेवीस ओळी. औषधं, नळ्या, परिचारिकेचे तास,
आणि कडेला, लेखात कधीच न आलेल्या
अरुंद रकान्यात,
चौदाव्या रुग्णापुढे:
बायको लेइदा सोबत. व्होरूहून बस,
जाऊन-येऊन सत्तर क्रून, आठवड्यातून तीनदा.
आणि खाली, फेब्रुवारीत:
बर्फ. बस नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर.
पैसे घेतले नाहीत.

इशबेलने मुलीकडून भाषांतर मागवलं होतं,
तरी ती मूळ ओळच बघत राहिली.

नियम साधा होता:
सरकारी तिजोरीतून गेलं तेवढंच मोजायचं.
लेइदाच्या पर्समधलं नाही.
तिने रकाना झाकला,
उरलेल्या तेवीस आकड्यांचं प्रमाण विचलन काढलं,
तार्तूला भार मिळाला:
एक पूर्णांक आठ दशांश टक्के.
आलेखाच्या तळचा हिरा,
सगळ्यांचं मिळून एक उत्तर,
केसभरही सरकला नाही.

पासंगालाही पुरत नाही, आपण म्हणतो.
पण पासंग म्हणजे काय, तर
माल घालण्याआधी
हलक्या पारड्याला बांधलेला खडा,
ताजवा खोटा पडू नये म्हणून.
हा शब्द इशबेलला ठाऊक नाही.

खिडकीबाहेर समुद्राचं धुकं, सीगल, काही दिसत नाही.
अहवाल संपवताना तिने एक तळटीप घातली, सातवी,
साहेब कदाचित काढून टाकतील:
एका अभ्यासात
ट्रॅक्टरचा खर्च शून्य धरला आहे.
तो शून्य नव्हता.